पुनर्विचारासाठी परत

पगारेकाका गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही, ती माझ्याच हातांतून पुढे गेली. मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसते, बाहेरगावचे कॉल जोडून देते. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला नाशिकरोडच्या बाजूने साक्रीच्या एका शाळेसाठी अर्जंट कॉल आला. साक्रीची लाइन म्हणजे रोजची डोकेदुखी. खरखर इतकी, की दोन्ही टोकांना एकमेकांचं ऐकू येतंय की नाही हे बघायला थोडं थांबावं लागतं. म्हणून मी थांबले. "विजय, मी निकम बोलतोय, एकलहऱ्याहून. तुझे दादा गेले रे... सकाळी. पेपर वाचता वाचता." विजय म्हणजे काकांचा मुलगा, वडिलांना तो दादा म्हणायचा. पलीकडून त्याने विचारलं, "कोण बोलतंय?" निकमांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्यामुळे मला ते दोनदा ऐकावं लागलं. ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं, हा आमच्या खात्याचा नियम. मी बाजूला झाले आणि पुढचा दिवा लागला होता तो घेतला. चार कॉल लावून झाल्यावर सुपरवायझरबाईंना म्हणाले, मला उठायचंय, माझे काका गेले. सख्खे का, असं त्यांनी विचारलं नाही, हे बरंच झालं. विचारलं असतं तर मी भांडले असते.

आज त्याला सहा आठवडे झाले. दामोदर पगारे हे नाव वाचकांपैकी कोणाला माहीत असायचं कारण नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते आणि दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. गाव निफाड तालुक्यातलं. गावात त्यांच्या वस्तीला शाळा लांब आणि विहीर त्याहून लांब, एवढंच ते लहानपणाबद्दल सांगत, जास्त विचारलं तर विषय बदलत. उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे, म्हणून कॉलनीतली पोरं त्यांना मागून टोळ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "टोळ येतोय, वाट द्या," असं स्वतःच ओरडत ते पोरांच्या क्रिकेटमधून सायकल काढायचे. त्यांच्या घरात दोन खोल्यांत मिळून एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या वरच्या कप्प्यात खाकी कव्हर घातलेली भारताची राज्यघटना. सिंधूकाकू त्या पुस्तकाला "सवत" म्हणायच्या. "सकाळी उठले की आधी सवतीला बघत्यात, मंग मला."

कॉलनीत वाचनालय निघालं तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. कडेचं एक क्वार्टर कोणी घ्यायला तयार नव्हतं, कारण तिथे चिमणीची राख जास्त पडायची. ते मागून घेतलं, दोन कपाटं आणली, चार वर्तमानपत्रं लावली. एवढ्याशा कारभाराला काकांनी सात पानांची घटना लिहिली आणि त्यासाठी तीन महिने घेतले. लोक वैतागले. बैठका आमच्या ओट्यावर व्हायच्या, कारण माझे वडील मधुकरराव, म्हणजे अप्पा, वाचनालयाचे उपाध्यक्ष होणार होते. अप्पा कोळसा विभागात फिटर. मूळचे सिन्नरकडचे शेतकरी, बोलणं रोखठोक. ते म्हणाले, "पगारे, दहा तोंडं म्हंजी दहा फाटे. तुमीच अध्यक्ष व्हा आन् तुमीच समदं बघा. आमाला काय त्याचं!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आणीबाणी नुकतीच उठली होती, पण खंबीर माणूस एकच असावा ही लोकांची आवड काही उठली नव्हती.

काकांनी तेव्हा जे सांगितलं ते मी दाराच्या फटीतून ऐकलं आणि पुढे इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. "जगात दोन तऱ्हा आहेत मधुकरराव. एका तऱ्हेत लोक एकच माणूस निवडतात. तो आपले मंत्री आपण नेमतो, आपण काढतो आणि त्याची मुदत संपेपर्यंत त्याला सहसा कोणी हलवू शकत नाही. दुसरी तऱ्हा आपली. राष्ट्रपतीचं नाव सगळ्या कागदांवर, पण काम मंत्रिमंडळाचं. का? तर मंत्र्यांना लोकसभेत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ज्याला जाब विचारता येतो त्याच्याच हातात काम द्यावं." अप्पांनी लगेच विचारलं, "मंग राष्ट्रपती पोसायचा कशाला?" काका डोकं खाजवत बसले. आणीबाणीच्या कागदावर राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा मंत्रिमंडळाला पत्ता नव्हता, मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. म्हणून आमच्या घटनेत त्यांनी कलम घातलं, की कार्यकारिणीचा निर्णय लेखी असल्याशिवाय आणि त्याखाली तिच्या सभासदांच्या सह्या असल्याशिवाय अध्यक्षाने कशावरही सही करायची नाही, आणि तसा निर्णय आला की मात्र करायचीच. पण अप्पांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तसं त्यांनी कबूलही केलं. अप्पा आठवडाभर खुशीत होते.

उत्तर मिळायला दोनेक वर्षं लागली. एका सकाळी पहिल्या पाळीला जाता जाता काका आमच्या दाराशी सायकल टेकवून उभे राहिले, हातात वर्तमानपत्राची घडी. "मधुकरराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं दिल्लीहून!" घटनादुरुस्ती झाली होती. मंत्रिमंडळाने दिलेला सल्ला राष्ट्रपतीला आता एकदा पुनर्विचारासाठी परत पाठवता येणार होता. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागणार होता. "म्हणजे राष्ट्रपती कशाला, तर थांबवून विचारायला. नीट विचार केलात का, एवढंच. एकदाच." अप्पा दात घासत होते. तोंडातल्या फेसासकट म्हणाले, "एकदा इचारून काय होतंय?" काका म्हणाले, "पुष्कळदा तेवढ्यानं भागतं." त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आमच्या वाचनालयाच्या घटनेतही ही दुरुस्ती झाली. भजी तळून तयार होती, वास येत होता, त्यामुळे चर्चा फार लांबली नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय काकांची कळत नाही. मी दहावीला नापास झाले. गणित आणि इंग्रजी, दोन्ही. आमच्या घरात पाच भावंडं, एक रेडिओ आणि एक बल्ब, पण तेच कारण असं म्हणणार नाही. मला गणिताची भीती होती आणि ती लपवायला मी आगाऊपणा करायची. अप्पांनी निकाल बघितला आणि ओरडले नाहीत, ते वाईट होतं. म्हणाले, "आक्टोबरला बस. नाय झाली तर दिवाळीनंतर उरकून टाकू." उरकायचं ते माझं लग्न. निफाडकडचं स्थळ आलेलंच होतं, द्राक्षबाग, दोन विहिरी. मुलगा वाईट असेल असं नाही, मी त्याला पाहिलाच नाही. पण मला सोळावं संपत होतं आणि मला नोकरी करायची होती. कसली ते माहीत नव्हतं. खुर्चीवर बसून करायची असते ती.

वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ मुलींसाठी अभ्यासिका असायची. आम्ही अकरा जणी जायचो. त्या दोन तासांत मी बीजगणित कसंबसं ताब्यात आणत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला कॉलनीबाहेरच्या एका मुलाने एकीच्या भूमितीच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवली. तिच्या भावाने त्याला वाचनालयाच्या पायरीवर बदडलं. त्याची माणसं आली, यांची माणसं आली. डोकी फुटली नाहीत इतकंच. चार दिवसांनी कार्यकारिणी बसली आणि ठराव झाला, की मुलींच्या सुरक्षिततेसाठी मुलींची अभ्यासिका बंद करण्यात यावी. चिठ्ठी ठेवणारा मुलगा, मार खाणारा मुलगा, मारणारा मुलगा. बंद कोण, तर मुली! बैठक सगळ्यांना ऐकता यावी असा काकांचाच नियम होता, म्हणून मी खिडकीत बसून ऐकत होते. पाच हात वर गेले. तिसरा हात अप्पांचा होता. त्यांना मी दिसत होते.

काकांनी सही केली नाही. अध्यक्षाला मत नव्हतं, पण ठराव एकदा परत पाठवायचा अधिकार होता. त्यांनी ठरावाच्या खाली लिहिलं, "पुनर्विचारासाठी परत," आणि एक पान भरून कारणं दिली. त्यातलं एक मला आठवतं. पायरीवर मारामारी झाली म्हणून पायरी बंद करत नाहीत. मी त्या आठवड्यात हवेत होते. आठ दिवसांनी कार्यकारिणी पुन्हा बसली. सचिव निकमांनी काकांचं पान मोठ्याने वाचलं. कोणी चहाचा कप फिरवत होतं, कोणी नखं बघत होतं. मग एकाने म्हटलं, "अध्यक्षांचा मान राखून, आमचं मत तेच." पुन्हा पाच हात. अप्पांचा हात या वेळी जरा उशिरा वर गेला, पण गेला. निकमांनी कागद काकांसमोर ठेवला. काकांनी चष्मा नीट केला, सगळं परत एकदा वाचलं आणि सही केली. पेनाला टोपण लावलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

मी बाहेर त्यांच्या सायकलसमोर उभी राहिले. माझी परीक्षा महिन्यावर आली होती. मी म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे आहे. उद्या सहाला नुसतं उघडा. कोण अडवणार तुम्हाला?" ते म्हणाले, "कोणीच नाही. म्हणून तर उघडता येत नाही." मला हे कोडं वाटलं आणि कोड्यांचा मला आधीच वैताग होता. "तुम्ही अध्यक्ष नाही. रबरी शिक्का आहात!" आजूबाजूला माणसं होती. कॉलनीत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. ते सायकल धरून उभे राहिले. "शोभा, आज मला पटलं नाही म्हणून मी कुलूप उघडलं, तर उद्या दुसऱ्या अध्यक्षाला पटणार नाही म्हणून तो लावेल. मग तू त्याला कुठला कागद दाखवशील?" मी म्हणाले, "तोवर माझं लग्न होऊन पोरं झालेली असतील," आणि पाय आपटत घरी गेले. खूप रडले. अप्पा ओट्यावर बसून होते, आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूकाकू आमच्या दारात. "यांनी इचारलंय मला, शोभा आपल्या घरी अभ्यासाला आली तर चालंल का. मी म्हणलं, इचारताय काय, सतरंजी झटका." आईने माझ्याकडे बघितलं. मग मला आत बोलावून हळूच म्हणाली, "जा. पण तिथं काही खाऊ-पिऊ नको." हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवं. आम्ही एका रांगेत राहत होतो, एका नळाचं पाणी भरत होतो, काका आमच्या ओट्यावर वर्षानुवर्षं बैठका घेत होते आणि त्यांना चहा वेगळ्या कपातून जात होता. तो कप कोनाड्यात पालथा असायचा. मी रोज तो बघत होते आणि माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. काकांच्या डोक्यात आलं नसेल असं कसं म्हणू? पहिल्याच दिवशी मी काकूंच्या हातची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, पाणी मागून घेतलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो कप बाकीच्या कपांत आला.

गणित काका शिकवत. पाळी संपवून आले की तोंडावर पाणी मारून सतरंजीवर बसत. "हा क्ष कोण आहे हे आत्ता माहीत नाही, एवढंच. घाबरायचं काय त्यात? आपल्याला कुठे सगळी माणसं माहीत असतात." मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही, गणितापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आहे. मला वाटलं, माझ्या बोलण्यामुळे. मी तसं म्हटलं तर हसले. "तुझं बोलणं बरोबरच होतं. अध्यक्ष म्हणून मला मत नाही, प्रचार करता येत नाही. जे करायचंय ते खुर्चीत बसून करता येत नसेल तर खुर्ची सोडायची. खुर्ची मोडायची नाही." घटनेप्रमाणे पाव भाग सभासदांनी सही केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवता येत होती आणि तिचा निर्णय कार्यकारिणीवर बंधनकारक होता. काका आता साधे सभासद. ते रोज पाळीनंतर कागद घेऊन दारोदार फिरू लागले. आणि त्यांच्या जागी खुर्चीत आले उपाध्यक्ष, म्हणजे अप्पा. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही.

आमच्या दारातही ते आले. अप्पा म्हणाले, "माझी सही नाय मिळायची पगारे." काका म्हणाले, "आता तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही करायचीही नाही. मी फक्त सभेची तारीख विचारायला आलोय." अप्पांनी आपल्या हिशेबाने पुढचा रविवार, दुपारी चार, असं सांगितलं.

सह्या जमल्या, पण मतं जमत नव्हती. एकदा भर दुपारी, जेवताना, काका सिंधूकाकूंना मोजून सांगत होते की कोण कुठल्या बाजूला. मी बाजूला त्रिकोण काढत होते. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आहो, एक इचारू का? तुमच्या घटनेत मी कुठं हाय?" काकांचा घास हातातच राहिला. आमच्या घटनेत घरटी एक सभासद असं लिहिलं होतं. घरटी एक म्हणजे घरातला पुरुष, हे लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजच कोणाला वाटली नव्हती. अकरा मुलींची अभ्यासिका आणि मत देणाऱ्यांत एक बाई नाही. तीन महिने खपून, देशोदेशीच्या घटना वाचून लिहिलेली सात पानं! काकांनी घास ताटात परत ठेवला. "चुकलं," म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही सिंधू." काकू म्हणाल्या, "ध्यानात आलं नाय तेच तर म्हणते." आणि तव्यावरची भाकरी उलटली. आता घटना बदलायची तर वार्षिक सभेतच बदलता येणार, आणि ती जानेवारीत. काका त्या दिवशी अभ्यास घ्यायचं विसरले.

रविवारी चार वाजता सभा भरली. मी खिडकीत. दुसरी पाळी दोनला लागलेली, त्यामुळे निम्मे पुरुष कामावर. अशा घरांचं मत नेहमी वायाच जायचं, आणि अप्पांचा हिशेब तोच होता. अप्पा खुर्चीत बसले होते, काका मागच्या रांगेत. आणि दारातून सिंधूकाकू आल्या. त्यांच्यामागे एकेक करत बायका आल्या, डोक्यावर पदर, हातात वाचनालयाचं कार्ड. नळावर काकूंनी काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. बदल्या होतात, माणसं जातात येतात, म्हणून काकांनी कार्डावर नाव घातलंच नव्हतं, क्वार्टरचा नंबर घातला होता. नवरा कामावर असेल तर कार्ड घेऊन आपण जायचं, इतकंच काकू म्हणाल्या होत्या. काका उठून उभे राहिले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिलाय, असा भांबावलेला चेहरा ठरवून करता येत नाही.

गलका झाला. एक जण ओरडला, "हे चालणार नाही, अध्यक्षांनी निर्णय द्यावा!" सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पा मात्र तिसऱ्या रांगेकडे बघत होते. तिथे माझी आई बसली होती. सभेत खुर्चीवर बसणाऱ्याला मत नाही, तेव्हा आमच्या घरचं कार्ड रिकामं होतं, आणि ते तिच्या मांडीवर होतं. आई अप्पांशी भांडली, असं मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती भांडत नव्हती, नुसती बसली होती. अप्पांनी विचारलं, "पगारे, घटनेत काय हाय?" काका म्हणाले, "ते मी सांगायचं नाही. सभेत नियमाचा अर्थ लावणं अध्यक्षाचं काम. इथं तुम्हाला कोणाचा सल्ला नाही, तुमची बुद्धी." अप्पांनी निकमांकडून एक कार्ड मागून घेतलं, उलटसुलट बघितलं. "कार्डावर नंबर हाय," अप्पा म्हणाले. "नाव कुणाचंच नाय. ज्या घरचं कार्ड, त्या घरचं मत. बसा समदे."

अभ्यासिका पुन्हा सुरू करावी असा ठराव नऊ मतांनी पास झाला. हात मोजताना आईचा हात अप्पांनी स्वतः मोजला. मग निकमांनी ठराव लिहून त्यांच्यासमोर ठेवला. अप्पांनी वाचला आणि सही केली. बाहेर आल्यावर काकांना म्हणाले, "मला पटल्यालं नाय, सांगून ठेवतो." काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "म्हणून तर तुमची सही मोठी." अप्पा गडबडले आणि उगाचच मला ओरडले, "इथं काय उभी ऱ्हातीस, अभ्यास कर!"

माझ्या परीक्षेला तेव्हा सोळा दिवस उरले होते. गणितात मला एकेचाळीस मिळाले. निफाडच्या बागेत दुसरी कोणी गेली असेल, सुखी असो. पुढे मी बारावी झाले, टेलिफोन खात्यात लागले, आणि माझं अजून लग्न झालं नाही म्हणून ज्यांची झोप उडते त्यांनी ती काकांच्या नावावर मांडू नये, तो माझा स्वतंत्र ठराव आहे. जानेवारीच्या सभेत काकांनी स्वतः उभं राहून सांगितलं, की या घटनेत एक मोठी चूक आहे आणि ती मी केली आहे. त्या दिवसापासून अठरा वर्षांवरचं प्रत्येक माणूस सभासद झालं. लोकांनी त्यांना पुन्हा अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. ते झाले नाहीत. शेवटपर्यंत साधे सभासद राहिले आणि प्रत्येक सभेत इतके प्रश्न विचारत की चार अध्यक्ष त्यांना कंटाळले. त्यांच्यानंतरची पाचवी मी. गेल्या वर्षी मला अध्यक्ष केलं तेव्हा पहिल्याच सभेत त्यांनी मला वर्तमानपत्रांच्या रद्दीवरून वीस मिनिटं उभं केलं होतं. मी चिडले होते. ते खूश दिसत होते.

काका गेल्यावर कार्यकारिणी बसली. आता तिच्यात सात जण आहेत, चार बाया, त्यांत सिंधूकाकू. निकमांनी सुचवलं, की पगारेंचा फोटो सभागृहात लावावा आणि वाचनालयाला त्यांचं नाव द्यावं. मला वाटलं, यात बोलायचं काय, खिळा कुठे ठोकायचा एवढंच ठरवायचं. तर काकूच नको म्हणाल्या. "भिंतीवर बसवलं की लोकं हार घालतील आन् पगारेंचं वाचनालय म्हणतील. हे कुणाचंच नाय, म्हणून तुमचं हाय." चर्चा झाली, मत झालं, फोटो नाही, नाव नाही, असा ठराव माझ्याकडे आला. मी लिहिलं, पुनर्विचारासाठी परत. दीड पान कारणं लिहिली. आयुष्यात इतकं चांगलं मी काही लिहिलं नसेल. गेल्या रविवारी ती सगळ्यांसमोर वाचली गेली. काकूंनी पदराने डोळे पुसले. "लय चांगलं लिव्हलंय शोभानं," म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यासारखाच हात वर केला. त्यांच्यापाठोपाठ बाकीचे.

कागद माझ्यासमोर आला. मी सही केली. कशी केली ते सांगता येत नाही, अक्षर माझं वाटत नाही. काकांनी तेव्हा पेनाला टोपण लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि मला वाटलं होतं, या माणसाला काहीच वाटत नाही. नऊ वर्षं मी त्यांना मानत आले, पण मनाच्या एका कोपऱ्यात ते तसंच राहून गेलं होतं. सगळे उठून गेल्यावर मी काकूंना ते सांगितलं, पहिल्यांदाच. काकू कागदावर फुंकर घालत होत्या, शाई सुकावी म्हणून.

"तू शिक्का म्हणालीस ना, त्या दिवशी ते जेवले नाय," काकू म्हणाल्या. "सायकलीवरनं उतरले आन् भिताडाकडं तोंड करून बसून ऱ्हायले. रडत होते. शोभाला सांगू नको म्हणाले, तिची परीक्षा हाय." त्यांनी कागद फाइलला लावला आणि सहा वाजत आले म्हणून खिडक्या उघडायला उठल्या.